पायलटचं वय विचारण्याआधी

विमानात शिरताना डाव्या हाताला कॉकपिटचं दार उघडं असतं. हल्ली बरेच प्रवासी तिथं क्षणभर थबकतात आणि आत डोकावतात. आत कुणी पांढऱ्या केसांचा दिसला की जीव भांड्यात पडतो. मिसरूड फुटल्यासारखा पोरगा दिसला, किंवा विशी-पंचविशीतली मुलगी दिसली, की मागच्या रांगेपर्यंत कुजबुज जाते : ‘हे विमान चालवणार?’

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं, त्यानंतर ही नजर अधिकच धारदार झाली. दोन्ही वैमानिकांची वयं, त्यांचे उड्डाणाचे तास, त्यांची घरं-दारं सगळं चव्हाट्यावर आलं. चहाच्या टपरीवर बसलेला माणूसही तज्ज्ञ झाला. त्या अपघाताबद्दल मी इथं कुठलाही निष्कर्ष काढणार नाही. महिनाभरानंतर आला तो प्राथमिक अहवाल होता. त्यातल्या चार ओळींवरून, उत्तर द्यायला जे हयात नाहीत त्यांच्यावर फैसला सुनावणं मला मंजूर नाही. पण त्या निमित्तानं जो प्रश्न लोकांच्या मनात बसला, तो मात्र खोटा नाही. कॉकपिटमध्ये अनुभवाला किती किंमत आहे? तरुण पायलटच्या हाती दीडदोनशे जीव सोपवावेत का?

प्रश्न विचारण्यासारखी परिस्थितीही आहे. २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवली. एवढी विमानं उडवायला हजारो पायलट लागणार. ते आभाळातून पडत नाहीत. गोंदिया, बारामती, शिरपूर, रायबरेली अशा ठिकाणच्या प्रशिक्षण संस्थांमधून आणि परदेशातल्या फ्लाइंग स्कूलमधून बाहेर पडतात. आपल्याकडं बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित घेतलेला, वैद्यकीय चाचणी पास झालेला मुलगा किंवा मुलगी अठराव्या वर्षी, २०० तासांच्या उड्डाणानंतर व्यावसायिक परवाना मिळवू शकते. पुढं त्या-त्या विमानाचं टाईप रेटिंग केलं की उजव्या बाजूची, म्हणजे सहवैमानिकाची खुर्ची. कॅप्टन व्हायला जो वरचा परवाना लागतो त्यासाठी १,५०० तास. त्यामुळं तिशीच्या आतले कॅप्टन आणि नुकतीच विशी ओलांडलेले सहवैमानिक आता अपवाद राहिलेले नाहीत.

आमच्यासारख्यांना हा विषय परका नाही. कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत असं घर क्वचितच सापडेल, जिथला कुणी ना कुणी दुबई, कुवेत, मस्कत किंवा दोह्याला नाही. अब्बा गेले, मग चाचा, मग भाऊ. या लोकांसाठी विमान ही चैनीची वस्तू नाही, एसटीसारखी गरज आहे. आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या देशात जे दोन मोठे अपघात लँडिंगच्या वेळी झाले, त्या दोन्ही विमानांत दुबईहून घरी परतणारी अशीच माणसं होती. म्हणून या चर्चेची सुरुवात मी तिथून करतो.

२२ मे २०१०, मंगळुरू. एअर इंडिया एक्सप्रेसचं बोईंग ७३७ टेकडी कापून केलेल्या धावपट्टीवरून पुढं गेलं आणि दरीत कोसळून पेटलं. १६६ जणांपैकी आठच वाचले. कॅप्टनकडं दहा हजारांहून अधिक तासांचा अनुभव होता. चौकशी अहवालात जे समोर आलं ते सुन्न करणारं आहे. प्रवासाचा बराचसा वेळ कॅप्टन झोपलेले होते. कॉकपिटमधल्या रेकॉर्डिंगमध्ये घोरण्याचा आवाज आहे. झोपेतून उठल्या-उठल्या मेंदू पूर्ण जागा नसताना त्यांनी विमान उतरवायला घेतलं. विमान नको तितकं उंच आणि वेगात होतं. शेजारी बसलेला, हुद्द्यानं आणि अनुभवानं लहान असलेला सहवैमानिक वारंवार ‘गो-अराउंड’ सांगत होता. म्हणजे लँडिंग सोडून द्या, वर चला, पुन्हा फेरी मारून येऊ. यंत्रंही धोक्याचा इशारा देत होती. कॅप्टननं ऐकलं नाही. बरोबर कोण होतं? ज्याचे तास कमी होते तो.

७ ऑगस्ट २०२०, कोझिकोड. करोनाचे दिवस, मुसळधार पाऊस, पुन्हा टेबलटॉप धावपट्टी. कॅप्टन दीपक साठे हे हवाई दलातून आलेले, नावाजलेले वैमानिक होते. त्यांचे आईवडील नागपूरला राहत. त्यांच्याकडंही दहा हजारांवर तास होते, सहवैमानिकाकडं सुमारे दोन हजार. पहिला प्रयत्न सोडून दुसऱ्या बाजूनं उतरताना पाठीमागून वारा होता. विमान जिथं टेकायला हवं होतं तिथून बरंच पुढं, जवळपास अर्धी धावपट्टी संपल्यावर टेकलं. टेकण्याच्या आधी सहवैमानिकानं ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं. दोघं वैमानिक आणि १९ प्रवासी गेले. त्या रात्री कोंडोट्टीच्या आसपासची माणसं करोनाची पर्वा न करता चिखलात धावली, जखमींना स्वतःच्या गाड्यांमधून दवाखान्यात नेलं, रक्त द्यायला रांगा लावल्या. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. तसंच चौकशी अहवालातलं एक निरीक्षणही लक्षात ठेवण्यासारखं आहे : कॉकपिटमध्ये दोघांच्या अधिकारातली दरी फार तीव्र होती. वरच्याला खालचा नीट अडवू शकला नाही.

या दोन घटना सुट्या नाहीत. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो जेट एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. परवानगी नसताना विमान पळवणारा कॅप्टन त्या डच कंपनीचा सर्वात मानाचा प्रशिक्षक होता. मागं बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरनं शंका काढली होती की समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालंय ना? कॅप्टननं ती झटक्यात उडवून लावली. २८ जुलै २०१० रोजी इस्लामाबादजवळच्या मारगल्ला टेकड्यांवर एअरब्लूचं विमान आदळलं, १५२ जण गेले. कॅप्टन ६१ वर्षांचे, २५ हजारांहून अधिक तास. प्रवासाच्या सुरुवातीलाच त्यांनी सहवैमानिकाला प्रश्न विचारून, टाकून बोलून गप्प केल्याची नोंद अहवालात आहे. शेवटच्या क्षणांत तो ‘सर, वर घ्या’ म्हणत राहिला. समोर डोंगर असतानाही ‘सर’ सुटलं नाही.

मग काय, अनुभव म्हणजे निव्वळ ओझं? असं म्हणणं हा दुसऱ्या टोकाचा अडाणीपणा होईल. १ जून २००९ रोजी एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला निघालेलं विमान अटलांटिकमध्ये पडलं. २२८ मृत्यू. कॅप्टन विश्रांतीला गेले होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांमध्ये बर्फ साचला, ऑटोपायलट बंद पडला आणि विमान एकाएकी माणसाच्या हाती आलं. ते ज्याच्या हाती आलं तो तिघांत सर्वात तरुण होता, ३२ वर्षांचा. त्यानं नाक खाली करण्याऐवजी वर ओढून धरलं. पंखांचा आधार सुटल्याचा इशारा वाजत राहिला आणि साडेचार मिनिटांच्या आत सगळं संपलं. अशा वेळी समोरचं चित्र काहीतरी चुकतंय हे ओळखायला जो सराव लागतो, तो पुस्तकातून येत नाही.

उलट त्याच वर्षीच्या जानेवारीत न्यूयॉर्कला काय झालं ते जगानं पाहिलं. पक्ष्यांच्या थव्यानं दोन्ही इंजिनं बंद पडल्यावर कॅप्टन सलनबर्गर यांनी विमान हडसन नदीवर उतरवलं. १५५ च्या १५५ माणसं वाचली. ते तेव्हा ५७ वर्षांचे होते, जवळपास वीस हजार तास त्यांच्या खात्यावर होते. परतायचं की नदीत उतरायचं हे ठरवायला त्यांच्याकडं काही सेकंद होते. अनुभवाचं मोल तिथं दिसतं. पण त्या रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडं कमी लक्ष जातं. पाणी समोर दिसत असताना, अगदी शेवटच्या क्षणांत त्यांनी शेजारच्या सहवैमानिकाला विचारलं, तुला काही सुचतंय का? वीस हजार तासांचा माणूस विचारतो. मंगळुरू आणि हडसन यांच्यातला फरक या एका प्रश्नात आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की अनुभव महत्त्वाचा आहेच, पण अनुभव म्हणजे वय नव्हे आणि लॉगबुकातला आकडाही नव्हे. तासांचा आकडा मोजायला सोपा, म्हणून आपण त्यालाच तजुर्बा म्हणतो. आधुनिक विमानात बहुतेक वेळ ऑटोपायलट काम करतो. दहा हजार तासांपैकी स्वतःच्या हातानं चालवलेले तास किती, बिघाड हाताळलेले किती, वाईट हवेत उतरवण्याऐवजी परत फिरण्याचा निर्णय किती वेळा घेतला, हे त्या आकड्यात दिसत नाही. एकच चूक दहा हजार तास पचत गेली तर ती सवय होते, आणि सवयीला माणूस कौशल्य समजू लागतो.

अमेरिकेनं आकड्याचा मार्ग अवलंबून पाहिला. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं छोटं विमान पडलं, ५० जण गेले. मृतांच्या नातेवाइकांनी लढा दिला, कायदा झाला आणि २०१३ पासून तिथं सहवैमानिकालाही साधारणपणे १,५०० तास बंधनकारक झाले. पण त्या अपघातग्रस्त विमानातल्या दोघांकडंही १,५०० पेक्षा जास्तच तास होते! तिथं गडबड होती ती प्रशिक्षणात, थकव्यात आणि पगारात. सहवैमानिक तरुणी कामावर पोचण्यासाठी रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून आली होती, कारण नोकरीच्या गावी घर घेण्याइतका तिचा पगार नव्हता. या नियमाचे समर्थक सांगतात की नंतर जानेवारी २०२५ पर्यंत अमेरिकी विमान कंपन्यांचा तसा मोठा अपघात झाला नाही. हे खरं आहे. मात्र त्याच काळात थकव्याचे आणि प्रशिक्षणाचेही नियम बदलले, आणि युरोपात आजही दोन-तीनशे तासांचे सहवैमानिक रोज विमानं चालवतात. तिथलं आकाश काही असुरक्षित नाही. श्रेय एकट्या आकड्याला देता येत नाही.

शिवाय आकडा हेच तिकीट केलं की आकड्यांचा बाजार भरतो. २०११ मध्ये आपल्याकडं खोट्या गुणपत्रिका दाखवून परवाने मिळवल्याची प्रकरणं उघड झाली, राजस्थानात न उडवलेले तास कागदावर चढवल्याचा तपास झाला. पाकिस्तानात जून २०२० मध्ये खुद्द विमान वाहतूक मंत्र्यानं संसदेत सांगितलं की ८६० पैकी २६२ वैमानिकांचे परवाने संशयास्पद आहेत. युरोपनं पीआयएला दार बंद केलं, ते चार वर्षांहून अधिक काळ बंद राहिलं. कागदावर अनुभव होता, आकाशात नव्हता.

आता मूळ दुखण्याकडं येतो. धोका दिसत असूनही धाकटा गप्प का बसतो, किंवा बोलला तरी विमानाचा ताबा का घेत नाही? पहिलं कारण आपल्याला घरातूनच माहीत आहे. मोठ्यांपुढं आवाज चढवायचा नाही, हा अदब आपल्या हाडात भिनलेला असतो. तो वाईट नाही. पण जिथं क्षणभराच्या संकोचाची किंमत शंभर जनाजे असू शकतात, तिथं तो अदब राहत नाही, भीती होते.

दुसरं कारण पैशाचं आहे आणि त्यावर फारसं कुणी बोलत नाही. पायलटचं प्रशिक्षण आज पन्नास लाखांच्या पुढं जातं, टाईप रेटिंग धरून तर त्याहून पुष्कळ वर. माझ्या ओळखीतल्या एका मुलाच्या वडिलांनी आंब्याची बाग गहाण टाकली, फुफूनं दागिने दिले, तेव्हा कुठं त्याचा परवाना हातात आला. नोकरीसाठी पुढं दीड वर्ष थांबला. मी त्याला विचारलं, उद्या कॅप्टन चुकतोय असं दिसलं तर? तो हसून म्हणाला, “काका, बोलायचं असं शिकवलंय. पण माझा रिपोर्टसुद्धा तोच लिहिणार ना.” त्याच्या हसण्यातलं सगळं मला कळलं. कर्जाचा हप्ता खिशात घेऊन बसलेल्या पोरानं कॅप्टनला अडवावं अशी अपेक्षा करायची, तर अडवल्यावर त्याची नोकरी शाबूत राहील याची हमी आधी द्यायला हवी.

आणि या खर्चामुळं कॉकपिटचं दार कुणासाठी उघडतं, हाही प्रश्न आहेच. हैदराबादच्या सईदा सल्वा फातिमा या बेकरीत काम करणाऱ्या बापाच्या मुलीनं वैमानिक होऊन दाखवलं, पण त्यासाठी दानशूर माणसांची आणि सरकारची मदत लागली. भारतात वैमानिकांत स्त्रियांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे, जगाच्या सरासरीच्या तिप्पट. या मुलींकडं पाहून जी कुजबुज होते, तिच्यात ‘अनुभव’ हा शब्द पुष्कळदा नुसता पडदा असतो. त्याच वयाचा मुलगा बसला असता तर आवाज निम्मा झाला असता.

उपाय नवे शोधायचे नाहीत. १९७८ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला एका मुरलेल्या कॅप्टननं चाकांच्या बिघाडात इतकं डोकं घातलं की इंधन संपत आल्याचं सहकारी सांगत असताना त्याच्या ध्यानात आलं नाही, विमान पडलं. त्यानंतर त्या कंपनीनं, युनायटेडनं, कॉकपिटमधल्या माणसांनी एकमेकांशी बोलावं कसं, ऐकावं कसं याचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. क्रू रिसोर्स मॅनेजमेंट ते हेच. जुलै १९८९ मध्ये त्याच कंपनीच्या एका विमानाची नियंत्रण यंत्रणा आकाशात पूर्ण निकामी झाली. कॅप्टन अल हेन्स यांनी सहकाऱ्यांना आणि प्रवाशांमध्ये बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कामाला लावलं. केवळ इंजिनांची ताकद कमी-जास्त करत त्यांनी विमान सू सिटीच्या धावपट्टीवर आणलं. ११२ जण गेले, पण १८४ वाचले, जिथं कुणीच वाचणार नव्हतं. हेन्स पुढं आयुष्यभर सांगत राहिले की हे एकट्या कॅप्टनचं काम नव्हतं.

आपल्याकडं हे प्रशिक्षण कागदावर आहे, परीक्षेतही आहे. ते कॉकपिटमध्ये उतरायचं असेल तर तीन गोष्टी लागतील. पहिली, लँडिंग सोडून परत फिरलेल्या वैमानिकाला कुणी जाब विचारू नये, उशिराचा हिशेब मागू नये. आणि सहवैमानिकानं ‘गो-अराउंड’ म्हटलं की कॅप्टननं वाद न घालता वर जावं; वाद जमिनीवर घालावा. दुसरी, नवख्याची जोडी कुणाशी लागते याकडं लक्ष हवं. कोझिकोडच्या अहवालात नोंद आहे की त्या तळावर २६ सहवैमानिकांमागं एकच कॅप्टन नेमलेला होता. तिथं शिकवणार कोण, आणि कोण कुणाकडून शिकणार? तिसरी, झोप. मंगळुरूचा कॅप्टन थकलेला होता, हे विसरता येत नाही. वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे आणि रात्रीची लँडिंग कमी करणारे नियम २०२५ मध्ये लागू झाले. डिसेंबरात देशातल्या सर्वात मोठ्या कंपनीची तयारी नव्हती म्हणून हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि सवलत कुणाला मिळाली? कंपनीला. विमानतळावर अडकलेल्या प्रवाशांचा संताप मी समजू शकतो. पण त्या गर्दीत किती जणांनी विचारलं, की थकलेल्या माणसाला विमान चालवायला लावू नका, आम्ही थांबतो?

हा सगळा विषय विमानापुरता नाही, असं मला वाटत राहतं. आमच्या जमाती, ट्रस्ट, शाळा-मदरशांच्या कमिट्या पाहा. तीस-तीस वर्षं त्याच खुर्चीवर तीच माणसं. त्यांचा अनुभव मोठा आहे, त्यांनी खस्ता खाल्ल्या आहेत, यात शंका नाही. पण हिशेबात चूक दाखवणाऱ्या पोराला ‘तू कालचा’ म्हणून बसवलं जातं, तेव्हा मला तो कोझिकोडचा सहवैमानिक आठवतो. मशवऱ्याची आमची परंपरा जुनी आहे. तिच्यात वयाची अट कुणी घातली?

तेव्हा पुढच्या वेळी कॉकपिटमध्ये कोवळा चेहरा दिसला तर घाबरू नका. त्याच्या वयापेक्षा महत्त्वाचं हे आहे की काल रात्री तो आणि त्याचा कॅप्टन पुरेसे झोपले होते का, त्यांचं प्रशिक्षण खरं झालं का, आणि तो बोलला तर शेजारचा पांढऱ्या केसांचा माणूस ऐकणार आहे का. दारात उभं राहून यातलं काहीच दिसत नाही. म्हणूनच ते सरकारला आणि कंपन्यांना जमिनीवर, रोजच्या रोज विचारावं लागतं.